अण्णांनी बंद न केलेलं पान

१८ जुलै, सातारा

आज राजवर्धन सरांनी ऑफिसात सगळ्यांसमोर एक फोन टेबलावर ठेवला. स्वस्तातला, काच तडकलेला, आमच्या गावाकडे घरटी एक असतो तसला. म्हणाले, "उघड." मी 'काठ'वर बोट ठेवलं आणि पाण्याचा आकडा, नदीचा नकाशा, धरणांची माहिती, सगळं पटकन समोर. गेल्या महिन्यात ह्याच फोनवर हेच पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. सरांनी कंदी पेढे मागवले. फौजी घरातला माणूस, तोंडाने चांगलं म्हणायची सवय नाही, त्यामुळे पेढा हीच शाबासकी समजायची.

काय केलं ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझं मलाच कळणार नाही. 'काठ' हा आमचा लहानसा ब्राउझर, नदीकाठच्या लोकांना पुराची माहिती देणारा. कोणताही ब्राउझर पान उघडताना फोनच्या मेमरीत बराच तात्पुरता पसारा मांडतो. पसारा वाढला की मधेच हातातलं काम थांबवतो, नको ते फेकतो, जागा करतो आणि मग पुढे सरकतो. भारी फोनवर हे थांबणं जाणवतही नाही. स्वस्त फोनवर माणूस वैतागून फोन ठेवून देतो. मी एवढाच नियम घातला की पान पूर्ण उघडेपर्यंत साफसफाई करायची नाही. जेवणावळीत मंडळी जेवत असताना कोणी झाडू घेऊन फिरत नाही. पंगत उठली की मग पत्रावळ्या उचलायच्या. साधी गोष्ट आहे, पण सुचायला मला दोन महिने लागले.

स्वतःवर जाम खूश आहे. उद्या उतरेल.

२१ जुलै

उतरलं. अण्णांचा फोन आला होता.

अण्णा म्हणजे माझे वडील, अण्णाप्पा. सांगलीच्या खालच्या अंगाला नदीच्या मळीत, म्हणजे काठच्या सखल गाळाच्या रानात, आमची वस्ती आहे. ऊस, चार म्हशी, आई आणि अण्णा. मळीत आणखी तीन घरं. पावसाळ्यात मळीतून गावात जायला ओढ्यावरचा एकच फरशीपूल, आणि नदी फुगली की आधी ओढाच उलटा भरतो. अण्णा रोज ओढ्याकाठी जाऊन चिखलात काठी रोवायचे, पाणी काठीला लागलं की म्हशी सोडायचे. बाकीची घरं पाण्याकडे बघायचीच नाहीत. अण्णाप्पाच्या म्हशी सुटल्या की सगळी मळी उठायची. माझ्या लहानपणापासून हे असंच.

ह्या वर्षी त्यांचा गुडघा धरलाय. म्हणून मीच 'काठ' घालून दिलाय आणि बजावलंय की ओढ्याकडे जायचं नाही, घरात बसून फोनवर बघायचं.

"उघडतंय का लवकर?" मी विचारलं.

"उघडतंय की."

"आधीपेक्षा?"

"व्हय." मग जरा थांबून, "आत्ता किती जणं बघत्यात गं?"

ऑफिसात एका स्क्रीनवर हा आकडा दिसतो: या घडीला किती फोनवर आमचं पान उघडं आहे. मागे कधीतरी मी त्यांना सांगून बसले. म्हटलं, चारशेच्या वर.

"त्यात मी धरलाय न्हवं?"

"धरलाय, अण्णा."

रोज हेच. दोन महिन्यांचं काम, आणि विचारायचं काय तर किती जणं बघत्यात. बँकेची परीक्षा दे म्हणून मागे लागले होते, ती मी दिली नाही. आता पोरीची नोकरी खरी आहे की नाही ह्याची रोज हजेरी घेतात. मी तोडून बोलले आणि फोन ठेवला.

२५ जुलै

सांगलीकरांचं काही खरं नाही. आकड्यावर विश्वासच नाही त्यांचा. "आकडा कोण टाकतंय? खांब दाखवा," असे फोनवर फोन. पूर आला की आयर्विन पुलावर जायचं, खांबावर रंगवलेले फूट स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे, दहा जणांशी वाद घालायचा आणि मगच घरातलं सामान वर चढवायचं, ही पिढ्यांची रीत. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे तिथल्या पोराटोरांना पाठ असतं. माणूस मोजतो ह्यापेक्षा खांब सांगतो ह्यावर लोकांचा भरवसा.

सरांनी ओळखीतल्या एका दुकानदाराच्या गच्चीवर कॅमेरा बसवून घेतला. आता पानावर आकड्याच्या वर खांबाचं चित्र येतं आणि ते सारखं नवं होत राहतं. सर म्हणाले, "पान जड होईल का?" मी तडकलेल्या फोनवर दहा वेळा उघडून बघितलं, दहा वेळा बंद केलं. वेगात काडीचा फरक नाही.

शिवांजलीने पण बघितलं. ती माझ्या शेजारी बसते, मूळची कोयनानगरची. भूकंपाच्या गावातली असल्यामुळे तिला कशाचीच घाई नसते. म्हणाली, "झकास." संध्याकाळी नवं पान सगळ्यांसाठी सोडलं.

२९ जुलै

बघणारे नऊशेच्या वर गेले. खांबाची जादू.

अण्णांचा फोन: "दीपा, तुझं चितार सकाळी बरं असतंय. दुपारच्याला थांबतंय. रेंज न्हाई का काय?"

म्हटलं, फोन जुना झालाय, ते पान बंद करून परत उघडत जा. "बरं," म्हणाले, पण ते 'बरं' मला ठाऊक आहे. 'बँकेचं बघते' म्हटल्यावर मीही तसंच 'बरं' म्हणायचे.

मग आईने फोन घेतला. "अगं, दिवसभर हातातनं सोडत न्हाईत. धारा काढायला बसलं तरी फोन गोठ्यातल्या मेढीला टांगून ठेवत्यात. लाईट गेल्यावर बंद पडंल तवा सुटका."

ह्या वयात फोनचं व्यसन. आईला म्हटलं, काढून घे हातातला. ती हसली. मला हसण्यासारखं काही वाटलं नाही, पण भांडणाला वेळही नव्हता.

४ ऑगस्ट

घाटात तीन दिवस धो-धो चाललंय. शिवांजलीच्या वडिलांचा कोयनानगरहून फोन आला, धरणाचे दरवाजे आणखी वर घेतलेत. ती फोन ठेवून माझ्याकडे बघत बसली. ते पाणी कराडला कृष्णेत मिळतं आणि साधारण दिवसभरात माझ्या घरापुढून जातं, हे तिलाही माहीत आहे.

अण्णांना सांगितलं, बेचाळीसला फरशीपूल बुडतो, चाळीस दिसले की निघायचं. म्हणाले, "मला शिकवू नगंस." मग आवाज मऊ करून म्हणाले, "बघतोय मी. तुझ्या पानावर नजर हाय माझी."

ओढ्याकडे गेला नाहीत ना, असं विचारलं. "तू न्हाई म्हटलीयास न्हवं? मग न्हाई गेलो." पहिल्यांदाच माझं ऐकलं. बरं वाटलं.

६ ऑगस्ट, दुपार

लिहिलं नाही तर मी ओरडेन. ऑफिसात सगळे उभे आहेत.

सकाळी अडतीस होतं. जेवणाच्या सुमारास एक्केचाळीसच्या पुढे गेलं. अण्णा एव्हाना गावातल्या शाळेत पोचले असतील असं गृहीत धरून मी डबा उघडला, आणि तरी चैन पडेना म्हणून फोन लावला. सारखा 'संपर्क क्षेत्राबाहेर'. कितव्या खेपेला लागला देव जाणे.

"पोचला का शाळेत?"

"कशाला? घरीच हाय की. अडतीसच हाय अजून."

आधी वाटलं, चष्मा लावला नसेल. "अण्णा, नीट बघा. एक्केचाळीस."

"डोळं फुटल्यात व्हय माझं? अडतीस. खांब बी दिसतोय, पुलावर ऊन पडलंय झकास."

माझ्या समोरच्या स्क्रीनवर तोच पूल होता आणि पावसात खांब धड दिसत नव्हता. सांगलीत ऊन सकाळी जरासं पडून गेलं होतं. अण्णांच्या हातात सकाळचं चित्र होतं. ते तिथेच थांबलं होतं, आणि अण्णा त्याच्यासमोर बसले होते.

शिवांजलीने माझ्या हातातून जेवणाचा डबा काढून बाजूला ठेवला. तडकलेल्या फोनवर सकाळपासून पान उघडंच राहिलं होतं, कोणी बंद करायचं विसरलं म्हणून. तोही थांबला होता. तिने तो जोडला, आत काय चाललंय ते बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "दीपाली, पंगत उठतच नाहीये गं."

मला एका क्षणात कळलं. पान पूर्ण उघडल्यावर साफसफाई, हा माझा नियम. पण खांबाचं चित्र सारखं नवं येतंय. ब्राउझरच्या लेखी पान अजून उघडतंच आहे, कधी पूर्ण होतच नाही. म्हणजे साफसफाईची पाळीच येत नाही. जुनी चित्रं साठत जातात, मेमरी गळ्याशी येते आणि पान जागच्या जागी गारठतं. आकडा मात्र समोर तसाच. बघून बंद करणाऱ्याला काही होत नाही, दर वेळी त्याचा पसारा त्याच्याबरोबर जातो. मी दहा वेळा उघडलं आणि दहा वेळा बंद केलं. तासन् तास उघडं ठेवून बघितलं नाही. कोण ठेवतं?

"अण्णा," मी म्हटलं, "ते पान बंद करा. पूर्ण बंद करा आणि परत उघडा."

"नगं."

"नको म्हणजे?"

"बंद कसं करू? तुझा आकडा कमी हुतोय की."

मला समजलं नाही. खरंच समजलं नाही. मी परत विचारलं.

"अगं, तूच म्हटलीस न्हवं, उघडं असंल तर आकड्यात धरत्यात म्हणून. मी येक धरलाय त्यात. दिवसभर चालू ठेवतोय, निजताना तेवढं बंद करतोय. वर तुझा सायेब बघत असंल, किती जणं हायत. ऐन पुरात कशाला कमी करायचा?"

ऑफिसात सगळ्यांना ऐकू जात होतं. सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"होऊ दे कमी," मी म्हटलं. "अण्णा, होऊ दे कमी. बंद करा."

मग नुसती खरखर. मग आईचा आवाज, दुरून. मग अण्णा, पण माझ्याशी नाही, आईशी: "गुणमाला, म्हशी सोड."

फोन तुटला.

त्याच वेळी भिंतीवरच्या स्क्रीनवरचा आकडा बघितला. काही हजारांत होता. त्यातला एक कमी झाला की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

६ ऑगस्ट, संध्याकाळ

काही कळत नाही. पाणी बेचाळीसच्या वर. अण्णांचा फोन बंद, आईचा बंद. मळीतल्या कोणाचाच लागत नाही. निघते म्हटलं तर सर म्हणाले, पुढे रस्त्यावर पाणी आहे, मधेच अडकशील. मी त्यांच्यावर ओरडले. त्यांनी खुर्ची पुढे सरकवून दिली.

तिथे बसून नियम बदलला. चित्र येत असो वा नसो, पसारा ठरावीक मापापलीकडे गेला की साफसफाई झालीच पाहिजे. पान जरा हळू उघडेल, तर उघडू दे. शिवांजली शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचत होती. सगळ्या फोनवर निरोप पाठवला की पान बंद करून पुन्हा उघडा, आधीच्या पानात आकडा थांबून राहत होता, ती आमची चूक. 'आमची चूक' लिहू का, असं सरांना विचारलं. म्हणाले, "लिही. त्यात विचारायचं काय?"

दिवे लागले. आम्ही जैन, आई-अण्णा सूर्य मावळायच्या आत जेवतात. आज जेवले का, हाच एक विचार डोक्यात घुमतोय. किती बावळट विचार आहे.

७ ऑगस्ट

आहेत. दोघंही आहेत.

गावातल्या शाळेतल्या मास्तरांच्या फोनवरून आई बोलली. फरशीपुलावर कमरेपर्यंत पाणी होतं. मळीतली चारही घरं दोराला धरून एकामागे एक आली, माणूस एकही गेला नाही. आमची चंद्री म्हैस पाण्याच्या ओढीला लागली, अण्णा तिचं दावं सोडेनात, शेवटी गुंडाकाकांनी ओरडून सोडायला लावलं. ती गेली. गुंडाकाका म्हणजे मळीतलेच, आमच्या शेजारच्या घरातले. त्यांच्याही दोन्ही म्हशी गेल्या. घरात त्या दोनच होत्या.

"अण्णांना दे," म्हटलं.

"झोपल्यात," आई म्हणाली. मागून त्यांचा खोकला ऐकू येत होता.

मी ऑफिसच्या जिन्यात बसून मनसोक्त रडले. लाज वाटली नाही.

१२ ऑगस्ट, गावी

आज रस्ता उघडला. सरांनी स्वतःची गाडी आणि चालक दिला.

शाळेच्या वर्गात बाकं एकावर एक रचून जागा केली आहे. आई कोपऱ्यात बसून वाटपाच्या खिचडीतले बटाटे वेचून बाजूला काढत होती. चातुर्मास आहे, पूर असो की काही असो. मला बघून रडली आणि लगेच म्हणाली, "वाळलीयास." अण्णा भिंतीला टेकून बसले होते. आठवड्यात दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसले. "आलीस?" एवढंच म्हणाले.

मळीतली माणसं तिथेच होती. कोणी अण्णांशी बोलत नव्हतं. थोड्या वेळाने गुंडाकाका आले, मला 'बरी हायस का' विचारलं आणि अण्णांकडे न बघता म्हणाले, "तुझ्या बाला झोप लागली म्हणं त्या दिशी. पुरात झोप. माझ्या फोनवर धडधडीत एक्केचाळीस दिसत हुतं. बायको म्हणाली, निघूया. मी म्हटलं, थांब, अण्णाप्पाच्या म्हशी अजून बांधलेल्या हायत. त्येला कळतंय आपल्यापरास. आमी ह्यांच्या म्हशीकडं बघत बसलो आन् ह्यो गडी घोरत पडलेला."

अण्णा खाली बघत होते. "लागली झोप," ते म्हणाले. "वय झालं आता."

हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. पहिल्या दिवसापासून. जो माणूस मळीत उभ्या जन्मात पुराच्या दिवशी आडवा झाला नाही, त्याने वर्गातल्या प्रत्येकाला सांगितलं होतं की मी झोपलो.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "अण्णा झोपले नव्हते. माझं पान थांबलं होतं. त्यांना अडतीसच दिसत होतं, शेवटपर्यंत. चूक माझी आहे. आम्ही निरोपही पाठवलाय सगळ्यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. निरोप कोणी वाचला नव्हता. वाचायला अर्ध्या जणांचे फोन कोरडे राहिले नव्हते. गुंडाकाका म्हणाले, "आगं, माझ्या फोनवर तर बराब्बर चाललं हुतं. थांबलं कुठं?"

"तुम्ही बघून बंद करत होता, काका. अण्णांनी बंद केलं नाही. बंद न केलं तर ते..." मी सांगायला लागले. मेमरी, पसारा, पंगत. माझंच मला ऐकू येत होतं की हे किती रचलेलं वाटतंय.

अण्णांनी मान वर केली. हसले. ते हसू माझ्यासाठी नव्हतं, गुंडाकाकांसाठी होतं.

"लेक हाय," ते म्हणाले. "बापाला सावरतीय."

आणि सगळ्यांना ते पटलं. एक म्हातारी 'पोरगी असावी तर अशी' म्हणाली. गुंडाकाकांचा चेहरा जरा निवळला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी बघितलं नाही.

नंतर नळापाशी गाठलं. मला राग आला होता. "का असं केलंत? मी खरं बोलत होते."

"ठावं हाय मला."

"मग? आता पुढच्या पुरात तुमच्या म्हशीकडे कोणी बघणार नाही."

"न्हाईच बघितलं पायजे," ते म्हणाले. तोंडावर पाणी मारलं, पंच्याने पुसलं. "माझा गुडघा गेला. म्हशी आज हायत, उद्या न्हाईत. तुझं पान ऱ्हाणार. त्येच्यावर लोकांचा इस्वास उडाला तर ही माणसं बघणार कशाकडं?"

"पण त्या दिवशी ते चुकलंच होतं, अण्णा."

"मग नीट कर. केलंस का?"

"केलंय."

"झालं तर."

परत वर्गात गेलो तेव्हा गुंडाकाका फोन घेऊन उभे होते. म्हणाले, "नवीन काय घातलंयस ते दे बाई ह्यात. आता ज्येनं त्येनं आपापलं बघायचं." मागे आणखी चार जण उभे राहिले. मी बाकावर बसले आणि एकेक फोन घेत गेले. जुना 'काठ' काढायचा, नवा घालायचा, खांब दिसतोय का बघायचं, आणि प्रत्येकाला परत परत सांगायचं की बघून झालं की बंद करत जा. अण्णा शेजारी उभे राहून लोकांकडून फोन घेत होते आणि माझ्या हातात देत होते. गुंडाकाकांनी विचारलं, "ह्येच्यावर भरवसा ठेवायचा न्हवं, अण्णाप्पा?"

"ठेव," अण्णा म्हणाले, आणि पुढचा फोन माझ्याकडे सरकवला. मला वर बघवेना, मी तो उघडला.